चढत्या क्रमाने

जुईलीला सुटीचा गृहपाठ आहे:
दहा गोष्टींचे वेग लिहा, चढत्या क्रमाने लावा.
तिची आई म्हणाली, आजोबांना विचार,
चाळीस वर्षं वेगाचे काटेच तर दुरुस्त केले त्यांनी.

खरं आहे. दांडिया बाजारात
दोन दुकानांच्या फटीत अडकलेलं तिसरं दुकान,
जगदाळे मीटर वर्क्स.
लुना यायच्या, मेटॅडोर यायच्या, छकडा रिक्षा रोजच्याच.
डभोईचे एक रसिकभाई दरवर्षी येऊन सांगायचे,
"काटा साठच्या वर नको, बायको मागे बसते."
मी आतली केसाएवढी स्प्रिंग जराशी आवळून द्यायचो.
सत्तरला साठ.
चोवीस वर्षं संसार सुखाचा झाला.

तर लिही बाळा.
पहिली गोगलगाय? थांब,
तिच्याही मागे पुष्कळ जण आहेत.
सयाजीबागेतल्या वडाची ती पारंबी,
जमिनीपासून वीतभर वर
माझ्या लग्नापासून विचार करते आहे.

मगर लिही. पण कुठे लिहिशील?
विश्वामित्रीच्या गाळात ती सकाळपासून शून्य असते.
बगळा येतो, पाठीवरून चालून जातो, शून्य.
काठावर एक शेळी येते, पाणी पिते.
मग शेळी नसते.
सरासरी काढू नकोस.
सरासरीत शेळी वाचते.

पुराचं पाणी: दहा मिनिटांना एक बोट.
हे पुस्तकातलं नाही, मी मोजलंय,
दुकानाच्या माळ्यावर बसून, भिंतीवर खडूने रेघा मारत.
खाली फळीवर लोकांचे सव्वाशे मीटर,
सगळे काटे शून्यावर,
आणि पाणी त्यांच्याकडे येत होतं
अजिबात घाई न करता.

वीज चमकली की मोजायला लाग.
तीन आकड्यांना एक किलोमीटर.
सहाला गडगडलं तर स्टेशनच्या अलीकडे पडली,
पंधराला, तर दुसऱ्या कुणाची.

बुलेट ट्रेन ताशी तीनशेवीस, लिही, गुरुजींना आवडेल.
मी मात्र खांबच पाहिलेत.
खांबांवर कबुतरं आहेत,
ती पोचली.

आणि हे लिही, हे कुणीच लिहिणार नाही:
सोल्डरचा चटका बसला
की आधी नुसतं कळतं, लागलं.
मग एक क्षण काहीच नाही.
त्या क्षणात माणूस हाताकडे बघतो, परक्याच्या बघावं तसा.
मग दुखायला लागतं.
अंगात दोन तारा आहेत म्हणे,
एकीवरून निरोप मोटारीने येतो,
दुसरीवरून पायी.

"आजोबा, नऊ झाले."

आता बोटावर चालणारे मीटर आले, काचेत आकडे उजळतात,
आवळायला आत काही नसतं.
माघात मी शटर शेवटचं ओढलं, अंगठा सापडला.
तेव्हा नुसतं कळलं, लागलं.
नखाच्या मुळाशी हरभऱ्याएवढा काळा डाग.
दर पहिल्या तारखेला व्हर्नियर लावून बघतो:
महिन्याला तीन मिलिमीटर, वर सरकतोय.
टोक आता चार मिलिमीटरवर आहे.
आईला सांगू नकोस, पण मी नखं कापायचं लांबवतोय.

जुईली अंगठा धरून डाग बघते, मग वही.
"सगळे ताशी किलोमीटरमध्ये लिहायचेत."
मग कर हिशोब.
ती करते, जीभ दातात धरून, दोनदा चुकून.
दशांशचिन्ह, मग आठ शून्यं, मग चार.
सगळ्यात वर, पहिल्या नंबरावर: आजोबांचं नख.
एकेक शून्य गोल काढते, शेपूट न ठेवता.
सहाव्या शून्याला ओळ संपते,
उरलेली दोन
समासात उतरतात.